एक्झॉस्टची झडप उघडा, पण ती मिटण्याची सोय राखून

स्पोर्ट्स कार घेणाऱ्याला तिचा आवाज हवा असतो आणि ही हौस समजण्यासारखी आहे. २००५ ते २०१७ या काळात इंग्लंडमधल्या गेडन येथे तयार झालेली अॅस्टन मार्टिनची व्ही८ व्हँटेज हे त्याचे उत्तम उदाहरण. ही गाडी शहरात सभ्यपणे चालते, पण मिनिटाला सुमारे ४००० फेरे ओलांडले की अचानक वेगळीच गाडी वाटावी इतकी गरजते. हा बदल घडवते एक्झॉस्टमधली एक छोटी झडप. ती सतत उघडी ठेवण्याची युक्ती या गाडीच्या मालकांमध्ये जगभर ठाऊक आहे: फ्यूजपेटीतला २२ क्रमांकाचा फ्यूज उपसून काढायचा. पाच मिनिटांचे काम, खर्च शून्य. ही युक्ती चालते, आणि ट्रॅकवर करून पाहायला हरकतही नाही. पण फ्यूज काढून तो कायमचा खणात टाकणे हा या सुधारणेचा सर्वांत कच्चा प्रकार आहे, असे माझे ठाम मत आहे. झडप उघडता येणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती मिटता येणेही. जी सुधारणा ही दुसरी क्षमता काढून घेते ती गाडीचे नुकसान करते, मग आवाज कितीही भरदार मिळो.

आधी रचना समजून घेऊ. ही झडप म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह नव्हेत. त्यांच्याशी तिचा संबंध नाही. ती असते मागे, सायलेन्सरपाशी. वायूला बाहेर पडायला तिथे दोन वाटा ठेवलेल्या असतात. एक लांबची, कप्प्याकप्प्यांतून आणि छिद्रांच्या नळ्यांतून जाणारी, जिच्यात आवाज जिरतो. दुसरी जवळची, जवळपास सरळ. या जवळच्या वाटेवर एक गोल पत्रा दांड्यावर फिरतो. व्हँटेजमध्ये आणि त्या पिढीच्या पुष्कळ गाड्यांत हा पत्रा व्हॅक्यूमने मिटतो. इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पातळ रबरी नळीने एका छोट्या डबीपर्यंत येतो, डबीतला पडदा ओढला जातो आणि दांडा फिरून वाट बंद होते. मध्ये एक विजेवर चालणारा सोलेनॉइड असतो. संगणकाने त्याची वीज तोडली की व्हॅक्यूम तुटतो आणि स्प्रिंग झडप उघडते. म्हणजे वीज किंवा व्हॅक्यूम गेला की झडप उघड्या बाजूला जाते. फ्यूज काढल्यावर आवाज का वाढतो याचे उत्तर एवढेच आहे: सोलेनॉइडला वीज मिळत नाही, स्प्रिंग जिंकते. सगळ्याच गाड्या अशा नसतात. काहींत व्हॅक्यूम उघडण्यासाठी वापरलेला असतो, आणि नव्या गाड्यांत व्हॅक्यूमच्या जागी विजेची मोटर आली आहे. म्हणून दुसऱ्या गाडीवर चाललेली युक्ती आपल्या गाडीवर करण्याआधी आपल्या मॉडेलचा, आपल्या वर्षाचा वायरिंगचा नकाशा पाहणे ही पहिली पायरी. २२ क्रमांकही पुस्तिकेत पडताळून घ्या, आणि त्याच फ्यूजवर आणखी काय चालते तेही बघा. एका फ्यूजवर दोन-तीन गोष्टी असणे मोटारींत नेहमीचेच आहे.

झडप उघडी राहिल्याने नेमके काय मिळते आणि काय जाते, हे आकड्यांवरून दिसते. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरचा एक ठोका येतो. त्यामुळे आठ सिलिंडरचे इंजिन २००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १३३ ठोके देते. महामार्गावर वरच्या गिअरमध्ये गाडी नेमकी याच आसपास फिरत असते. १३३ हर्ट्झच्या ध्वनीची हवेतली तरंगलांबी साधारण अडीच मीटर. तिची निम्मी लांबी दोन आसनी गाडीच्या केबिनच्या मापांजवळ जाते. ही जुळणी झाली की केबिन घुमू लागते. बाहेर उभ्या माणसाला तो आवाज फारसा मोठा वाटत नाही, पण आत बसलेल्याच्या कानावर आणि डोक्यावर एकसुरी दाब येत राहतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तासभर हे सोसले की आवाजाची हौस फिटते. सायलेन्सरमधली लांबची वाट मुख्यतः हीच घुमणारी पट्टी कापण्यासाठी जुळवलेली असते. काही कारागीर यावर बाजूला एक बंद तोंडाची नळी जोडून इलाज करतात. तापलेल्या वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या घरात असतो, म्हणून १३३ हर्ट्झ मारायला ही नळी जवळजवळ एक मीटर लांब लागते. उपाय शास्त्रशुद्ध आहे, पण जमिनीलगत धावणाऱ्या गाडीखाली एवढी जागा सहसा नसते. कंपनीने दिलेली झडप हेच काम जागा न खाता करते.

आवाजाचा पोत मात्र झडप ठरवत नाही. व्हँटेजच्या व्ही८ इंजिनाचा क्रँक क्रॉस-प्लेन प्रकारचा आहे, त्यामुळे प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांचे ठोके समान अंतराने येत नाहीत आणि त्या विषमतेतून तो खोल, गडगडता सूर तयार होतो. फेरारीच्या व्ही८ मध्ये फ्लॅट-प्लेन क्रँक असतो, ठोके समान अंतराने पडतात, आवाज तार सप्तकात चढतो. झडप या मूळ सुराला वाट मोकळी करून देते, त्यात नवे काही भरत नाही. तेव्हा ज्याला आपल्या गाडीचा आवाजच आवडत नाही, त्याला झडप उघडून तो आवडू लागणार नाही. फक्त न आवडणारा आवाज मोठा होईल. आणि ज्याला तो आवडतो त्याने हेही ध्यानात घ्यावे की ४००० फेऱ्यांवर जो थरार येतो तो निम्मा त्या आधीच्या शांततेमुळे येतो. सुरुवातीपासूनच सगळे उघडे असले तर चढण्याचा क्षण उरतच नाही.

हमखास ऐकू येणारा पहिला युक्तिवाद इंजिनाच्या ताकदीविषयी आहे: झडप उघडली की इंजिन मोकळा श्वास घेते आणि शक्ती वाढते. याला आधार नाही. वायूचा प्रवाह मोठा असतो तो वरच्या फेऱ्यांवर, आणि तिथे कंपनीने झडप आधीच उघडलेली असते. खालच्या फेऱ्यांवर वायू इतका कमी असतो की लांबची वाटही त्याला पुरेशी रुंद ठरते. शिवाय झडप कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्याही मागे, वाटेच्या शेवटी बसलेली असते. सिलिंडरमधून वायू बाहेर ओढण्याचे काम जिथे घडते त्या मॅनिफोल्डपासून ती बरीच दूर आहे. उलट बाजूने सांगितले जाणारे ‘इंजिनाला थोडा अडथळा लागतोच’ हेही तितकेच चुकीचे. इंजिनाला अडथळा नको असतो, वायूचा वेग आणि लाटांची वेळ हवी असते. झडपेने यांतले काही लक्षणीय बदलत नाही. शक्तीसाठी हा खटाटोप करू नका. आवाजासाठी करायचा असेल तर तसे मोकळेपणाने म्हणा.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. कंपनीच झडप उघडते, सरकारी चाचणीतून ही गाडी पास झालेली आहे, मग तीच झडप थोडी आधी उघडली तर बिघडले कुठे? बिघडते ते वेळेत आणि ठिकाणात. कंपनीच्या हिशोबाने झडप उघडते ती जोरात गाडी पळवताना, काही सेकंदांसाठी, बहुधा मोकळ्या रस्त्यावर. कायमची उघडी झडप आवाज करते तो पहाटे सोसायटीच्या तळघरात गाडी सुरू करताना, इंजिन थंड असल्याने फेरे वर असताना, सिग्नलला उभे असताना, रुग्णालयासमोरून पंधराच्या वेगाने जाताना. डेसिबलचे मोजमाप सरळ बेरजेचे नाही: तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, दहा वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. भारतातल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० वर येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेल्या शिफारशीतही रस्त्यावरच्या वाहतुकीच्या रात्रीच्या आवाजासाठी ४५ हाच आकडा आहे. पॅरिस परिसरातल्या ब्रुईपारिफ या ध्वनिमापन संस्थेच्या अंदाजानुसार बदललेल्या सायलेन्सरची एक दुचाकी मध्यरात्री शहर ओलांडताना दहा हजारांहून अधिक लोकांची झोप मोडू शकते. झोप मोडलेल्याला तो आवाज कंपनीने मंजूर केलेल्या झडपेतून आला की कापलेल्या नळीतून, याने काही फरक पडत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम सुधारणेचे नाही, तपासणीचे आहे. दहा-पंधरा वर्षांची गाडी ‘शांत’ वाटते तेव्हा पुष्कळदा झडप मिटलेल्या अवस्थेत जाम झालेली असते, आणि ‘फार मोठी’ वाटते तेव्हा व्हॅक्यूमची नळी तडकलेली असते. गाडी पूर्ण गार झाल्यावर, ती रॅम्पवर किंवा पक्क्या स्टँडवर घेऊन झडपेचा दांडा हाताने फिरतो का पाहा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. मग डबीची नळी काढून तिथे हातपंपाने व्हॅक्यूम द्या. दांडा सरकला पाहिजे आणि पंपाचा काटा किमान मिनिटभर हलता कामा नये. काटा उतरत असेल तर पडदा फाटला आहे. दांडा सरकत नसेल तर काजळी आणि गंज आहे. गंज सोडवणारे तेल देऊन, हळूहळू फिरवून मोकळा करा, आणि शेवटी उष्णता सोसणारे ग्रॅफाइटचे वंगण लावा. नेहमीचे तेल एक-दोन फेरफटक्यांत जळून जाते आणि मागे चिकट थर ठेवते. सकाळी गाडी सुरू करताना पहिले काही क्षण मोठा आवाज येऊन मग तो खाली बसत असेल तर काळजी नको, व्हॅक्यूम तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. तो खाली बसतच नसेल तर एकदिशा व्हॉल्व्ह आणि नळ्या तपासा. नुसत्या या दुरुस्तीने अनेकांना हवा तो आवाज परत मिळतो, तोही पूर्णपणे कायद्यात राहून. इथेच कायमच्या उघड्या झडपेविरुद्धचा आणखी एक मुद्दा आहे: जो दांडा महिनोन् महिने हलत नाही तो अडकतो. फ्यूज काढून वर्षभर चालवलेल्या गाडीत फ्यूज परत लावला तरी झडप मिटेलच याची खात्री नसते.

यानंतरही जास्त हवे असेल तर आधी फ्यूज काढून ट्रॅकवर चालवून पाहा, सोबत कोणालातरी घेऊन. काही जण फ्यूजऐवजी झडपेच्या डबीची नळीच काढतात. तसे केल्यास नळीचे मोकळे तोंड घट्ट बुच आणि क्लिपने बंद करणे अत्यावश्यक आहे. ते उघडे राहिले तर मोजणीत न आलेली हवा इंजिनात शिरते, मिश्रण पातळ होते, गाडी उभी असताना थरथरते आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा लागतो. बुच गरम भागाला टेकणार नाही असे बांधा.

टिकाऊ उपाय म्हणजे स्विच, आणि तो कुठे बसवायचा याला महत्त्व आहे. बाजारात मिळणारे बरेच संच कंपनीच्या सोलेनॉइडची वीज तोडतात. काम होते, पण काही गाड्यांचा संगणक सोलेनॉइड गायब झाल्याचे ओळखून दोष नोंदवतो. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कंपनीच्या विजेच्या जोडणीला हातच लावायचा नाही. व्हॅक्यूमच्या नळीत आपला एक वेगळा तीन तोंडांचा सोलेनॉइड घालायचा. त्याला वीज नसेल तेव्हा नळी सरळ जोडलेली राहते आणि झडप कंपनीच्या हिशोबाने चालते. स्विच दाबला की तो इंजिनाकडचे तोंड बंद करतो, डबीकडचे तोंड हवेला उघडतो आणि झडप उघडते. स्विच बिघडला, तार तुटली, तरी गाडी आपोआप मूळ वागणुकीवर येते. बिघाड झाल्यावर गाडी कुठे जाऊन थांबते, ही मला या साऱ्या कामाची खरी कसोटी वाटते. तारेला स्वतंत्र छोटा फ्यूज द्या, वीज इग्निशन बंद झाल्यावर तुटेल अशा जागेवरून घ्या, आणि तार-नळी दोन्ही उष्णतारोधक आवरणातून न्या. पत्रा कापून काढणे किंवा उघड्या अवस्थेत वेल्डिंग करणे टाळा; ते परत फिरत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि नव्या युरोपीय गाड्यांतला पेट्रोलचा कण-गाळक यांना तर आवाजासाठी स्पर्शही करू नये. झडप विजेच्या मोटरची असेल तर तिचा प्लग उपसू नका. ती मोटर आपली जागा संगणकाला कळवत असते. प्लग निघाला की दोष नोंदला जातो आणि झडप असेल तिथेच अडकते. अशा गाडीत कंपनीचा स्पोर्ट मोड किंवा त्याच मॉडेलसाठी बनलेला नियंत्रक एवढेच पर्याय उरतात.

कायद्याबद्दल स्पष्टच सांगतो. ब्रिटनच्या १९८६ सालच्या वाहन बांधणी व वापर नियमांतला ५४ वा नियम म्हणतो की एक्झॉस्ट यंत्रणेत आवाज वाढेल असा बदल करता येणार नाही. अॅस्टन मार्टिनने २०११ मध्ये मुंबईतून भारतात विक्री सुरू केली. इथल्या मालकाला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि केंद्रीय नियमांतला सायलेन्सरविषयीचा १२० वा नियम लागू होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि कलम १९० खाली ध्वनिनियंत्रणाच्या भंगासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परवानाही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतो. म्हणजे स्विच बसवला तरी सार्वजनिक रस्त्यावर झडप जबरदस्तीने उघडी ठेवण्याची परवानगी मिळत नाही. मग स्विच कशाला, असे कोणी विचारील. ट्रॅकसाठी. आणि ट्रॅकवरही मिटणारी झडप लागते, हे फार कमी जणांच्या लक्षात येते. ब्रिटनमधल्या अनेक ट्रॅकवर उभ्या गाडीचा आवाज मोजूनच आत सोडतात. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर बहुतेक दिवशी ९० किंवा ९२ डेसिबलची मर्यादा असते आणि ती ओलांडणाऱ्याला बाहेर काढतात. फ्यूज घरी विसरून गेलेल्या मालकाचा तो दिवस वाया जातो.

‘मोठा आवाज जीव वाचवतो’ हा दुचाकीस्वारांकडून आलेला दावा कारवाले हल्ली उचलतात. एक्झॉस्टचे तोंड मागे असते, धोका बहुधा पुढून आणि बाजूने येतो, आणि आजच्या बंद काचांच्या गाड्यांत बसलेल्याला मागून येणारा खोल सूर कुठल्या दिशेचा आहे हे कळत नाही. हॉर्न आणि दिवे यासाठीच आहेत.

काम झाल्यावर आवाज मोजून घ्या, मोबाइलवर नव्हे, साध्या पण प्रमाणित ध्वनिमापकावर. मोकळ्या जागी, नळीच्या तोंडापासून अर्धा मीटर अंतरावर, तोंडाच्याच उंचीवर आणि ४५ अंशांच्या कोनात मापक धरा. इंजिनाचे फेरे किती ठेवायचे ते गाडीच्या सर्वोच्च शक्तीच्या फेऱ्यांवरून ठरते. युरोप-ब्रिटनमधल्या नोंदणीपत्रावर उभ्या गाडीचा मंजूर आवाज आणि त्यासाठीचे फेरे यांची नोंद यू.१ आणि यू.२ या रकान्यांत असते. तुमच्या गाडीच्या कागदावर ती भरलेली असेल तर आपला आकडा तिच्याशी ताडून पाहा. झडप मिटलेली असतानाचा आकडा त्याहून वर गेला तर झडप पूर्ण बसत नाही असे समजा. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवलेला बदल हे दावा नाकारायला पुरेसे कारण ठरू शकते. काढलेला फ्यूज, मूळ नळी, क्लिपा आणि तुम्ही केलेल्या जोडणीचा कागदावर काढलेला नकाशा गाडीच्या पुस्तिकेतच ठेवा, म्हणजे पुढचा मालक किंवा मेकॅनिक अर्ध्या तासात सगळे मूळ स्थितीत आणू शकेल. आणि ट्रॅक सोडून रस्त्याला लागताना स्विच बंद करा.